खंडोबाला बॅगेत घातलं तेव्हा

ऑपरेशनला जाताना मला मरणाची भीती वाटत नव्हती, पूजेत खाडा पडण्याची वाटत होती. सासूबाईंनी देवघर माझ्या हाती सोपवलं तेव्हापासून, सोयर-सुतक सोडलं, तर खंडोबाच्या चांदीच्या टाकाला रोज सकाळी माझ्याच हातचं पाणी आणि माझ्याच हातचं गंध. पित्ताशयात खडे झालेत, ते काढायचे, लोणावळ्याच्या दवाखान्यात दोन-तीन दिवस राहावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरातले सगळे माझ्या पोटाची काळजी करत बसले आणि मी देवाची. माझ्यामागे त्याचं कसं होणार! जशी काही मी जन्मायच्या आधी त्याला कुणी पाणीच घातलं नव्हतं. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

सुनेने बॅग शहाण्यासारखी भरली होती. पुढून बटणं असलेले सैल सुती गाऊन, न घसरणाऱ्या सपाता, चष्मा, फोनचा चार्जर, जुने रिपोर्ट, दात घासायचं सामान आणि एक लहानशी उशी. "आई, खोकला आला की ही उशी पोटाशी दाबून धरायची, म्हणजे टाके ओढले जात नाहीत," असं ती मला समजावत होती. तिच्या आईचं असंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिला ठाऊक. मी गुणी मुलीसारखी मान डोलावली. ती गोठ्याकडे वळली तशी मी गाऊन आणि उशी काढून भाताच्या कणगीमागे सारली. त्या जागी फडक्यात गुंडाळून खंडोबाचा टाक ठेवला. मग ताम्हण, पळी, घंटी, सहाण, चंदनाचं खोड आणि भंडाऱ्याची पुडी. "घरी पूजा मी करीन ना," असं ती आदल्या दिवशीच म्हणाली होती. पण तिचं गंध पातळ होतं, हे माझं ठाम मत. आणि अंगावर घालायला माझं नऊवारी लुगडं होतंच, गाऊन हवाय कुणाला! लेकाने बॅग उचलली आणि वाकलाच. "आये, दगडं भरलीस का काय?" म्हणाला. सहाण म्हणजे दगडच की. मी म्हटलं, "बायकांचं सामान हाय, गप चल."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली आणि म्हणाली, "आजी, आज अंघोळ नाही. टाके भिजवायचे नाहीत. अंग पुसून देते." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पारोशा अंगाने देवाला शिवायचं नाही, हे अख्ख्या घराला मीच शिकवलेलं. सगळं सामान ओझ्यासारखं वाहून आणलं, आणि पोट फाडल्यावर अंघोळ करता येत नाही एवढं काही मला सुचलं नव्हतं. घरी असता तर त्याला सुनेच्या हातचं पातळ का होईना, गंध मिळालं असतं. आता तो माझ्या खाटेखाली, लघवीच्या भांड्याच्या शेजारी, कोंडलेल्या बॅगेत होता. खाडा पडला तो पडलाच, आणि वर देवाची ही अवस्था.

त्यात डॉक्टर येऊन म्हणाले, उठून चाला. चाललात तर पोटातला वायू मोकळा होईल, छातीत कफ धरणार नाही. पडून राहिलात तर दुखणं वाढेल. पण चालू कशी? लुगड्याची गाठ नेमकी टाक्यांवर येत होती. दवाखान्याने दिलेला झगा मागून नाड्यांचा, उभी राहिले की पाठ उघडी. त्या वेषात मी पॅसेजमधून फिरायचं? मी भिंतीकडे तोंड केलं. सिस्टर दोनदा बोलवायला आली, दोनदा परत गेली. दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं ताणलं, श्वास अर्ध्यावर अडायला लागला. डॉक्टरांच्या कपाळावर आठी दिसली तशी माझी खात्रीच पटली की देव रुसला, आता मी काही या खाटेवरून उठत नाही. मग दुसरा विचार आला. इतक्या वर्षांचं केलेलं एका दिवसात पुसलं जातं? आणि जात असेल, तर तो कसला देव? असा विचार मनात आला याचीच मला जास्त भीती वाटली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

लेक रात्री माझ्यापाशी राहून सकाळीच घरी, वडिवळ्याला गेला होता. तेवढ्यात तिथून सुनेचा फोन आला. आवाज रडवेला. "आई, घरात चोरी झाली! आत्ता कुठे पूजेला सवड झाली, तर देव गेलेले, ताम्हणसुद्धा गेलं. हे पोलीस पाटलांकडं निघालेत."

"आगं, थांबीव त्याला," मी म्हटलं. "देव हितं हाय."

"हितं म्हणजे कुठं?"

"माज्या खाटंखाली."

पलीकडे सुनेने आधी नवऱ्याला हाक मारून थांबवलं. मग सुनेने हळूच विचारलं, "आई, आणि गाऊन?"

"कणगीमागं."

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी झोपली होती. तिच्या उशाशी तिची सून बसलेली. शमीम तिचं नाव. कामशेतला त्यांचं तांदळाचं दुकान, आमच्या गावचा तांदूळही तिथे जायचा. तिने ओढणीचा बोळा तोंडावर धरला होता. शेवटी तिला राहवेना. "मावशी," ती म्हणाली, "देवाला बी ॲडमिट केलंत व्हय?"

मला राग यायला हवा होता. आलं हसू. हसले तसे टाके ओढले आणि मी कळवळले, "आगं बाई, हसवू नगं गं!" शमीम उठली, सासूच्या पायाशी पडलेली छोटी उशी आणून तिने माझ्या पोटाशी दाबून धरली. "आता हसा किती हसायचं ते," म्हणाली. त्या हसण्यातच मी तिला सगळं सांगून टाकलं. पूजा राहिली, देव कोंडला, मी पारोशी. तिने ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हात नका लावू. बॅग उघडून देते, लांबून बघा तरी."

तिने बॅग ओढून खाटेवर ठेवली, चेन उघडली, आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. भंडाऱ्याची पुडी फुटली होती. लुगडं पिवळं, सपाता पिवळ्या, चष्म्याचं घर पिवळं. टाकावरचं फडकं सरकलं होतं आणि खंडोबा भंडाऱ्यात न्हाऊन निघाला होता. मी आयुष्यभर चिमटीने भंडारा वाहणारी बाई. असा ओंजळींनी मी त्याला कधीच वाहिला नव्हता. पुडी मीच घाईत बांधली होती, सहाणीखाली दबून फुटली, हे मलाही कळतं. कुणी तसं म्हटलं तर मी वाद घालत नाही. पण त्या घटकेला माझे हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून 'येळकोट' निघालं.

"मावशी, त्यो काय तुमच्यासाठी थांबला न्हाई," शमीम म्हणाली. "त्यानं त्याचं उरकून घेतलं. आता तुमी तुमचं उरका." तिने आपल्या पिशवीतून सासूसाठी आणलेली जास्तीची मॅक्सी काढली, धुतलेली, निळ्या फुलांची. पडदा ओढून मला घातली. जन्मभर लुगड्यात वावरलेली मी, आरशात पाहिलं असतं तर स्वतःला ओळखलंच नसतं. "देवळात फेऱ्या मारता न्हवं? मग त्या खिडकीपत्तूर चला." तिचा दंड धरून मी निघाले. खिडकीतून तुंगार्लीकडचे डोंगर दिसत होते, वाळल्या गवताने पिवळे पडलेले. तिथे श्वास घेतला, परत फिरले, पुन्हा गेले. संध्याकाळपर्यंत पोटातला वायू मोकळा झाला. कृपेला असाही आवाज असतो, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

शमीमला कुणी पाठवलं, हे मी विचारत बसत नाही. ती तिच्या सासूच्या सेवेला आली होती, त्यातली थोडी मला मिळाली. इतकी वर्षं मी समजत होते की देवाला मी सांभाळते. माझा हात थांबला की त्याचं सगळं अडणार. माझा हात थांबला, आणि अडलं कुणाचंच नाही. हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. उलट, डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं हलकं वाटलं.

घरी आले तरी टाके ओलेच होते. सकाळी सुनेने अंघोळ करून देव धुतले, गंध उगाळलं, फुलं वाहिली. मी देवघराच्या दारात खुर्चीवर बसले होते. हातात काही नाही, काही मागायचंही सुचलं नाही. नुसती त्याच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्याच्याकडे नुसतं बघायला मला सवडच झाली नव्हती.

सुनेने मागे वळून विचारलं, "आई, काही चुकलं का माझं?"

म्हटलं, "न्हाई गं. कर तू. मी आज पाहुणी हाय."