रोंडाला न विचारवणारा प्रश्न

इराकच्या युद्धावरून परतल्यापासून डॅरल घरातच असे, पण रोंडाला आपला नवरा काही परत मिळाला नव्हता. जेवता जेवता तो मेलेल्या दोस्तांची नावं पुटपुटायचा. वेस्ट व्हर्जिनियाच्या आमच्या डोंगरात घरातलं दुखणं वेशीवर टांगायची पद्धत नाही. "कसा आहेस?" "मस्त." संपलं! या 'मस्त'नं आमची किती माणसं गिळली, देव जाणे.

माजी सैनिकांना सांभाळणाऱ्यांसाठी चर्चच्या तळघरात शिबिर भरलं, तेव्हा रोंडा गेली. शिकवणारी बाई म्हणाली, "'तसलं काही मनात नाही ना?' असं विचारू नका. त्यात 'नाही' तुम्हीच त्याच्या तोंडात घालता. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार करतोयस का? विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. खचलेला माणूस एकाएकी खुशीत आला, आपल्या वस्तू वाटू लागला, तर जास्तच सावध राहा. आणि बंदुका घराबाहेर ठेवा."

मग जोडीजोडीनं सराव. जोडीला आलेल्या म्हाताऱ्या हेझलसमोर रोंडा 'जीव' या शब्दापाशीच अडली.

"अगं, बोल की! मी काय तुझा नवरा आहे?" हेझल हसली. तरी वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

बंदुका मात्र रोंडानं भावाकडे, क्लीटकडे नेऊन ठेवल्या.

नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू होते, त्या सोमवारी आमच्याकडे शाळासुद्धा बंद. क्लीटला मेव्हण्याची दया आली. सकाळीच तो डॅरलच्या बापाची रायफल घेऊन दारात हजर. "आज तरी माणसात येऊ दे की बिचाऱ्याला!"

चांगुलपणाच तो, अगदी आमच्या गावाचा. पण रोंडाला शिबिरातलं बोलणं आठवलं, कारण डॅरल खुशीत होता. कित्येक महिन्यांनी त्यानं दाढी केली होती.

"क्लीट, माझी मासे धरायच्या गळांची पेटी तुझ्या पोरांना ने," तो म्हणाला. "आणि तू बस कॉफी पीत. डोंगरावर मी एकटाच जातो."

"बघ, कसा खुललाय गडी!" क्लीटनं रायफल पुढे केली.

रोंडा दोघांच्या मध्ये आली. "डॅरल, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

"वेडबिड लागलंय का तुला?" क्लीट ओरडला. "आजच्या दिवशी काय अभद्र बोलतेस!"

डॅरलचं हसू मावळलं. तो खुर्चीत बसला. म्हणाला, "हो."

क्लीट रायफल परत गाडीत ठेवून आला. रोंडानं डॅरलचा हात सोडला नाही, एका हातानंच माजी सैनिकांच्या हेल्पलाइनला फोन लावला. मग तिघं मिळून दवाखान्यात गेले.

डॅरल आता घरी आहे, उपचार चालू आहेत. परवा क्लीट जेवायला आला होता. त्याच्या कसल्याशा पाचकळ विनोदावर डॅरल खदखदून हसला, क्लीटही हसला. रोंडाचा घास हातातच राहिला. आता या घरात डॅरलच्या हसण्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटते. भावासमोरच तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला.

डॅरल रागावला नाही. तिच्याकडे नीट बघत म्हणाला, "आज नाही."