शनिवार-रविवारची गोळी

आमच्या सारिकाला सगळे म्हणतात, बाई लय खमकी. असेल. मी तिची सख्खी मावशी. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून ती आणि तिचा स्वराज लोणावळ्यात माझ्याच घरी राहतात, त्यामुळे तिचा खमकेपणा मला रोज ताटात वाढलेला मिळतो. पण नुसत्या खमकेपणानं पोरं वाढत असती तर आणखी काय हवं होतं!

स्वराज नऊ वर्षांचा. पोरगं सोन्यासारखं, पण एका जागी बूड टेकेल तर शपथ. शाळेत बाकावरून उठायचं, शेजारच्याची वही ओढायचं, कुणी चिडवलं की सरळ हात उचलायचं. लोक म्हणायचे, बाप नाही ना घरात, शेफारलाय. शेवटी सारिका त्याला पुण्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, एडीएचडी, आणि कॅप्सूल लिहून दिली. सकाळी खाऊन झाल्यावर एक, अख्खी गिळायची, आतलं औषध दिवसभर हळूहळू सुटत राहतं. खरं सांगते, फरक पडला. पोरगं पाढे म्हणायला बसलं. त्या दिवशी सारिका स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी विचारलं तर म्हणे, कांदा झोंबला. हातात मेथीची जुडी होती.

पण सोमवार आला की सगळं मुसळ केरात. कारण आमच्याकडे शनिवार-रविवार हे सुट्टीचे वार नव्हेत, मरायचे वार. सारिका चिक्कीच्या दुकानात काउंटरला असते, मुंबईची गर्दी उतरली की तिला पाणी प्यायला फुरसत नाही. म्हणून ते दोन दिवस पोरगं बापाकडे, कुरवंड्याला. आणि बाप? अमृत त्याच दिवशी जीप घेऊन पाहुण्यांना नागफणीच्या कड्याकडे फिरवतो. म्हणजे कोर्टात दोघं भांडली माझं पोरगं, माझं पोरगं करून, आणि पोरगं पडलं कुणाच्या पदरात, तर अमृतच्या आईच्या, सरूबाईच्या.

सारिका दोन दिवसांच्या कॅप्सूल स्टीलच्या डबीत घालून दप्तरात ठेवायची. अमृतला फोनवर एवढंच: "डबीत गोळ्या आहेत, सकाळी द्या." अख्खी गिळायची, फोडायची नाही, हे सांगितलं का? अहो, सांगायला माणसांनी एकमेकांशी बोलावं लागतं! सासूशी तर ती घर सोडल्यापासून एक शब्द बोललेली नाही. सासूही काही कमी नाही. हिचं नाव निघालं की ऐकूच येत नाही बाईला.

आता सरूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही. शेजारच्या आकाशनं तिला सांगितलं, कॅप्सूलचं वरचं टरफल जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. म्हातारी हादरली. नातवाच्या पोटात हाडं? पण औषध तर पोराला लागतंय. मग तिनं आपल्या मतीनं तोडगा काढला. कॅप्सूल उघडायची, टरफल फेकून द्यायचं, आतले बारीक दाणे खलात कुटून त्यांचं पीठ करायचं आणि मधात कालवून पोराला चाटवायचं. मायेनं बरं का, देवाचं नाव घेऊन! दिवसभर पुरायचं ते औषध एका दमात पोराच्या अंगात. दुपारी काळीज धडधडायचं, घास उतरायचा नाही. संध्याकाळी औषधाचा जोर ओसरला की नुसतं पिसाळल्यासारखं. करायला गेली गणपती अन् झाला मारुती.

हे आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक? आम्हाला दिसायचं एवढंच, की रविवारी पोरगं दात-ओठ खात येतं, रात्रभर तळमळतं आणि सोमवारी शाळेतून फोन येतो. मुख्याध्यापिकाबाईंनी तर बजावलं होतं, आता एकदा जरी कुणाला मारलं तर दाखला घेऊन जा. सारिकानं निकाल लावून टाकला. "म्हातारी गोळ्या फेकते, मावशी. आपल्या नातवाला काही झालेलं नाही असं गावाला दाखवायचंय तिला." अमृतला फोन केला, "तुझी आई गोळ्या उकिरड्यावर टाकते." तो म्हणाला, "आई रोज देते, खोट तुझ्या डोक्यात आहे." झालं, आपटले फोन. मी म्हटलं, अगं बये, एकदा त्या बाईला समोर बसवून विचार तरी, कशी देता म्हणून. "मी त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही." नको लावू! माझं काय जातंय!

आणि एका शनिवारी मी दूध आणायला खाली उतरले असताना तिनं स्वराजला चपाती खायला घालून घरीच कॅप्सूल दिली. तिकडची टाकणारच आहेत, एक तरी माझ्या हातची पोटात जाऊ दे, हा हिशोब. डबीत नेहमीच्या ठेवल्या त्या ठेवल्याच, कारण एक कमी दिसली असती तर अमृतनं तमाशा केला असता.

कुरवंड्यात सरूबाईनं नेहमीसारखी कुटली आणि चाटवली. थोड्या वेळानं पोरगं ओकायला लागलं. हात थरथरायला लागले, छाती अशी उडायला लागली की शर्ट हलताना दिसे. अमृतनं पाहुण्यांना वाटेतच उतरवलं आणि पोराला आणि आईला जीपमध्ये घालून लोणावळ्याच्या दवाखान्यात आणलं. सारिका दुकानातून तशीच पळत आली, चिक्कीचे हात घेऊन, आणि तिच्यामागं मी.

"काय दिलं होतं?" डॉक्टरनं विचारलं.

"त्येची रोजचीच गोळी जी. कुटून मधातनं दिली. हाडाचं टरफल न्हाई जाऊ दिलं पोटात," सरूबाई म्हणाली.

सारिका तिच्यावर धावूनच गेली असती. पण डॉक्टरनं पुन्हा विचारलं, "एकच ना?" तशी ही खाली बघत म्हणाली, "सकाळी मी पण दिलेली."

डॉक्टर दोघींना जे बोलला ते कमीच होतं. मला विचाराल तर दोघींच्या एकेक कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि अमृतच्या दोन.

संध्याकाळपर्यंत पोराची छाती शांत झाली. डॉक्टर म्हणाला, धोका टळलाय, पण पुण्याच्या बाईंना विचारल्याशिवाय एकही गोळी नाही. मग खाटेवर बसून त्यानं स्वराजला विचारलं, "अरे, मम्मीनं सकाळी गोळी दिली होती, तर आजीला सांगायचं नाहीस का?"

"मम्मी म्हणते, इथलं तिकडं सांगायचं नाही. आजी म्हणते, हितलं तितं सांगायचं न्हाई. पप्पा पण म्हणतात."

ज्या पोराला तीन कामं सांगितली तर दोन वाटेतच सांडतात, त्यानं हे मात्र नेमकं ध्यानात ठेवलं होतं.

"आता तरी एकमेकींशी बोला," डॉक्टर म्हणाला आणि निघून गेला. एक बाई खाटेच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला. सरूबाईनं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं तोंड.

"स्वराज," सरूबाई म्हणाली, "तुझ्या आईला म्हणावं, आख्खी गिळायची असती हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

"आजीला म्हणावं," सारिका म्हणाली, "विचारायला काय झालं होतं?"

सलाईन लावलेला हात न हलवता पोरानं मान आईकडं वळवली. "मम्मी, आजी म्हणते, तिला कुणी सांगितलंच नाही." मग त्यानं मान आजीकडं वळवली.