मावशीला न दाखवता आलेली खोली

बॉनहून एका दिवसात कुठे जाता येईल, असं तुम्ही मला नेहमी विचारता. ऱ्हाइनकाठचे किल्ले आहेत, द्राक्षमळे आहेत. आम्ही मात्र गेल्या शुक्रवारी फाल्त्स भागातल्या अमेरिकन लष्करी रुग्णालयाचं फाटक बघून आलो. फक्त फाटक.

मावशी न्यू जर्सीहून आली होती. तिचा मुलगा अनिकेत अमेरिकन मरीन होता. अफगाणिस्तानात लढताना जखमी झाला, त्याला इथे आणलं आणि बाविसाव्या वर्षी तो गेला. तेव्हा मावशीचा फोन आला होता, "तू जवळ आहेस रे, आम्ही पोचेपर्यंत त्याच्यापाशी थांब." दुसऱ्या दिवशी सकाळी माझा व्हिसाचा टेर्मिन होता, म्हणजे कचेरीने ठरवून दिलेली वेळ, तीन महिने थांबून मिळालेली. या देशात एक वेळ मरण पुढे ढकलता येईल, टेर्मिन नाही. मी आधी तो उरकला. ट्रेनमध्ये बसायच्या आत अनिकेत गेला. मावशी-काका तिकडून निघालेही नव्हते. "भेटलास ना?" तिने फोनवर विचारलं. "हो. हात धरून बसलो होतो," मी म्हणालो.

आता तिला ती खोली बघायची होती आणि दाखवणारा अर्थातच मी.

रस्ता अडीच तासांचा, उत्तम. वाटेतल्या स्वच्छतागृहाला एक युरो पडतो. त्यावर मिळणाऱ्या कुपनात कॉफी येईल या भ्रमात राहू नका. जेवणाचा खर्च शून्य, कारण मावशीने थालीपिठं आणली होती. गाडीतच खाल्ली.

"खोलीला खिडकी होती का रे?"

"होती."

"बाहेर काय दिसायचं?"

"झाडं." फाल्त्समध्ये झाडांखेरीज काहीच नाही, त्यामुळे थाप बिनधोक होती.

फाटकावर पन्नाशीचा जर्मन पहारेकरी होता. "टेर्मिन?" त्याने विचारलं. नव्हता. "आल्झो, मग नाही जमणार." मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतक्या वर्षांत जर्मन नियम पहिल्यांदा माझ्या बाजूने उभा राहिला होता. मी शक्य तितका पडेल चेहरा करून मावशीला सांगितलं.

"अरे, मग तू आधी येऊन गेलायस ते सांग की त्याला. तुझं नाव असेल त्यांच्याकडे. शोधू दे."

मग तिने स्वतःच त्याला इंग्रजीत तेच सांगितलं, तशी पहारेकऱ्याने वही पुढे ओढली आणि नाव लिहून घ्यायला पेन उघडून माझ्याकडे बघत राहिला.

"मावशी, माझं नाव नाहीये त्यांच्याकडे," मी म्हणालो. "मी आलोच नव्हतो." मग टेर्मिनचंही सांगितलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "मग त्याच्यापाशी कोण होतं?"

मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर उघडा पडलो असतो. पहारेकऱ्याने वही मिटली आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.

परतीचा ऑटोबान कधी नव्हे तो मोकळा होता.

घरी आल्यावर तिने चहा नको म्हटलं आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. "लॅपटॉप काढ. त्या हॉस्पिटलला इंग्रजीत पत्र लिही. शेवटी त्याच्याजवळ कोण होतं ते विचार. नर्स असेल, पाद्री असेल, झाडूवाला असेल. मला नाव हवंय."

मी लिहायला लागलो.

"थांब. पहिलं वाक्य मी सांगते," ती म्हणाली. "लिही, माझा भाचा जवळच राहत होता, पण तो आला नाही, म्हणून तुम्हाला विचारावं लागतंय."

ते मी टाइप केलं. मग तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.