आप्पांनी नांदवलेली दोन कार्डे

चनबसआप्पांच्या मुलीचा, महानंदाचा फोन आला तेव्हा मी नळदुर्गच्या बसस्थानकावर मुरुमच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. “काका, आप्पा गेले,” एवढेच ती म्हणाली. पुढे तिच्या बाजूने रडणे आणि माझ्या बाजूने ट्रकांचे हॉर्न... मी त्यांच्याकडेच निघालो होतो. दुपारी आमचे भांडण ठरलेले होते. विषय तेवढा तिथे गेल्यावर काढायचा होता.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. दरम्यान शोकसभा झाली आणि तिथे जे बोलले गेले, ते खोडून काढल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. पहिल्या वक्त्याने चनबसआप्पांना शांत आणि सोशिक ठरवले. आयुष्यभर त्यांच्या दुकानासमोर राहून वकिली केलेला मी माणूस आहे. माझ्या पक्षकारांनी आप्पांचा आवाज ऐकून तो माझाच विरोधी वकील समजावा, इतके ते शांत होते! दुसऱ्याने सांगितले की लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या आप्पांना संगणकाचे फारसे कळत नसे आणि त्यांच्या यंत्रातली दोन ग्राफिक्स कार्डे सोलापूरच्या इंजिनिअरने जुळवून दिली. सभा हळहळली. मी मात्र उठलो आणि म्हणालो, “हे साफ खोटे आहे.” लोकांनी मला हाताला धरून खाली बसवले. आता लेखणीला कोण बसवणार?

घडले ते असे. माझ्या नातीचे लग्न कर्नाटकातल्या आळंदकडच्या घरात ठरले होते. मंडपात मोठा एलईडी पडदा, जेवणाच्या दालनात दोन टीव्ही आणि माझी थोरली बहीण जिन्याची पायरी उतरू शकत नाही म्हणून तिच्यासाठी वरच्या खोलीत आणखी एक, असा आप्पांचा बेत होता. एवढ्या पडद्यांवर एकाच वेळी चित्र पाठवायला एक कार्ड पुरेना, म्हणून त्यांनी जुन्याच्या शेजारी त्याच कंपनीचे नवे कार्ड बसवले. आणि दोघांचे बिनसले! संगणकाने कार्डाशी कसे बोलावे हे सांगणारा जो ड्रायव्हर असतो, तो नवा टाकला की मंडपाचा पडदा उजळे आणि बाकीचे काळे पडत. जुना टाकला की नेमके उलटे. दोन्ही एकदम ठेवावेत, तर यंत्र एकालाच थारा देई.

आप्पांचे जावई, म्हणजे महानंदाचे यजमान विरेश यांनी सोलापूरचा इंजिनिअर आणला, हे खरे आहे. त्याने सगळ्यात ताजा ड्रायव्हर टाकला, काढला, पुन्हा तोच टाकला, हेही खरे. आणि शेवटी “जुने कार्ड फेकून द्या” असे सांगून तो चहासुद्धा न घेता निघून गेला, हे सभेत कोणी सांगितले नाही. जुने फेकायचे म्हणजे माझ्या बहिणीची खोली अंधारात ठेवायची. आप्पांनी टेबलावर मूठ आपटली. “आक्का बघणार न्हाय, तर म्या कशाला करू हे लग्न?” जणू लग्न त्यांचेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे पाहुण्यांत मानपानावरून ठिणगी पडली. मुलाकडचे कन्नडमधून तापलेले, आम्ही मराठीतून. मग सोयरीक जमवणारे कल्लप्पामामा आले. त्यांनी काही युक्तिवाद केला नाही. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना घरच्या नावाने हाक मारली, तिकडच्यांनाही तशीच मारली, आणि दोन्ही बाजू निमूट सरबत पिऊ लागल्या. मी हे पाहून सुटकेचा श्वास टाकतो आहे, तोच आप्पांनी माझा दंड धरला.

“वकीलसाहेब, चला दुकानात! आपन चुकीचा माणूस बोलवायलो.”

“कोण चुकीचा? मामा?”

“अवो मामा न्हाय, ड्रायव्हर! ताज्याला ताजा टाकायलो आपन. त्याला जुन्या घराची वळखच न्हाय. जुन्याला नव्याची न्हाय. मधला पायजे, मधला! जुनं कार्ड अजून घरात होतं आन् नवं नुकतंच उंबऱ्यात आलतं, त्या वक्ताचा!”

मी अनेक निकाल ऐकले आहेत. असा कधी ऐकला नव्हता. आम्ही दोघे म्हातारे भर उन्हात बाजारपेठेतून अक्षरशः धावलो. कंपनीच्या संकेतस्थळावर मागच्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात आणि कोणती आवृत्ती कोणत्या कार्डांना ओळखते, तेही तिथेच लिहिलेले असते. मी वाचत गेलो, आप्पा ओरडत गेले, “फुडं चला! मागं या! हितंच, हितंच!” दोन्ही कार्डांची नावे एकाच आवृत्तीखाली सापडली तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. ती उतरवून घेतली. मग त्यांनी आधीचे सगळे ड्रायव्हर मुळासकट काढले आणि इंटरनेटची वायर उपटून माझ्या हातात दिली. “धरा घट्ट. न्हायतर हे येडं आपल्याच मनानं परत ताजा आणून टाकतंय.” मी ती वायर महत्त्वाच्या कागदासारखी जपली. यंत्र बंद झाले, चालू झाले... सगळे काळे... आणि मग तपासणीसाठी दुकानात मांडलेले सारे पडदे एकेक करून उजळले! आप्पांनी मला मिठी मारली ती अशी, की माझा चष्मा वाकला. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या तेव्हा माझ्या बहिणीने खोलीत बसून टीव्हीवरच्या नातीवर अक्षता टाकल्या.

हा केवळ श्रेयाचा वाद असता, तर कदाचित मी गप्प बसलो असतो. कदाचित. पण परवा दुकानात पाऊल ठेवले, तर विरेशराव यंत्रापुढे बसून अपडेटचे बटण दाबायच्या बेतात! आप्पांच्या मागे दुकान महानंदा चालवणार, आणि तिचे पहिले लग्नाचे काम दुसऱ्याच दिवशी होते.

“जावईबापू, हात मागे घ्या!”

“काका, इंजिनिअरचं सेटिंग हाय ते. त्यालाच फोन केलतो. अपडेट मारा म्हणला.”

“त्याचे नाही ते! आप्पांचे आहे. ताजा टाकाल तर एक सोडून सगळे पडदे जातील!”

“तुमी त्या दिवशी सभेतबी तापलाव, आजबी तापलाव. पुरावा काय?”

तेव्हा आतून महानंदा आली. “पुरावा मी हाय. आप्पा आन् काका पळत आले तवा मी हितंच होते. आप्पांनीच केलं.”

“मग सभेत का बोलली न्हाईस?” विरेशरावांनी विचारले.

“मला कोण इचारलं? ह्या काकांनीबी न्हाय.”

एवढ्या वर्षांच्या वकिलीत मी सगळ्यात चांगला साक्षीदार असा बाहेर उभा ठेवला नव्हता. विरेशरावांनी खुर्ची रिकामी केली. महानंदा त्या खुर्चीत बसली, तिने आपोआप होणारे अपडेट बंद केले आणि यंत्र चालू करून पडद्यांकडे वळली. आप्पांची एक खोड होती. घरीदारी ते मराठी बोलत, पण कामाला निघण्याआधी पडदे मोजत ते कन्नडमधून, प्रत्येकाकडे बोट दाखवून. महानंदाने बोट उचलले.

“ओंदु... एरडु... मूरु... नाल्कु.”

चारही लागले होते.