एका पेशीचं उत्तर

माझा धाकटा भाऊ एचआयव्हीने गेला. गावात आम्ही न्यूमोनिया सांगितला, आणि तेही खोटं नाही. शेवटी त्याची छातीच भरली होती. पण रोजची एक गोळी तो घेत राहिला असता, तर आज गावी, पोशीरला, घरासमोर त्याचा टेंपो उभा असता. गोळ्या त्याने का सोडल्या हे मला उशिरा कळलं. परत सुरू का केल्या नाहीत हे त्याहून उशिरा, आणि त्यात मी आहे.

मी कर्जतला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. स्टेशनजवळ दोन खोल्यांत एकटी राहते. पेशीचं विभाजन दर वर्षी अकरावीला शिकवायचं असतं. पेशी आधी आपल्या गुणसूत्रांची दुसरी प्रत तयार करते, मग थांबून ती प्रत नीट उतरली आहे का ते तपासते, आणि मगच एकीच्या दोन होतात. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की फळ्याकडे न बघता आकृती काढते.

भावाचा रिपोर्ट आला तेव्हा मी त्याच्याजवळ बसायच्या ऐवजी वाचायला बसले. मला काही झालं की मी वाचते. त्या वाचनात मला ते प्रथिन भेटलं. या विषाणूकडे मोजकीच प्रथिनं असतात. त्यांतल्या एका चिमुकल्या प्रथिनाला व्हीपीआर म्हणतात. ते पेशीच्या तपासणीच्या यंत्रणेलाच हाताशी धरतं. प्रतीत बिघाड आहे, अशी हाकाटी होते आणि पेशी दुप्पट सामान घेऊन विभाजनाच्या तोंडाशी खिळून राहते. ती अशी अडकलेली असतानाच तिच्यात विषाणूच्या प्रती जोमाने निघतात. व्हिफ नावाचं दुसरं एक प्रथिनही वेगळ्या वाटेने हाच उद्योग करतं.

हे वाचताना मला आनंद झाला. भावाच्या रक्तात चाललेली गोष्ट वाचून मी पेन्सिलने समासात उद्गारचिन्ह काढलं होतं.

तो खालापूरच्या कंपन्यांमध्ये माल पोचवायचा. रविवारी रिकामा टेंपो घेऊन परतताना माझ्याकडे चहाला थांबायचा. चहा झाला की कप स्वतः विसळून पालथा घालायचा. आधी कधी घालत नसे. रिपोर्टनंतर सुरू झालं. कपाने काही होत नाही हे मी वर्गात मुलांना ठणकावून सांगते. त्याला मात्र मी कधी म्हटलं नाही की राहू दे रे.

एका रविवारी मी त्याला व्हीपीआर समजावून सांगितलं. स्टेशनवर गाडी लागल्याचा आवाज येत होता. घाट चढायच्या आधी कर्जतला लांबच्या गाड्यांना मागून जोर लावायला जादा इंजिनं जोडतात, तेवढ्यात फलाटावर वडेवाल्यांची विक्री होते. मी म्हटलं, पेशी म्हणजे ही गाडी समज.

"घाट चढायच्या आधी उभी."

"बरोबर. आणि हे प्रथिन सिग्नल लालच ठेवतं."

"आन् गाडी उभी तोवर विषाणू वडे विकतोय," तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. "लय हुशार हाय गं. सिग्नल खोटा, धंदा खरा."

"तू माझ्या वर्गात असतास तर पहिला आला असतास."

"तुज्या वर्गात? छड्या खाऊन मेलो असतो."

मला त्या दिवशी फार बरं वाटत होतं. किती दिवसांनी आम्ही असे हसत होतो. मग त्याने विचारलं, "ताई, समज तो खोटा सिग्नलवालाच पळवून लावला. उशिरा का होईना. मंग ती गाडी सुटते का?"

प्रश्न सुंदर होता. मी विद्यार्थ्याला द्यावं तसं उत्तर दिलं. "नाही रे. इतका वेळ अडकलेली पेशी बहुतेक मरतेच."

"मरतेच?"

"बहुतेक."

त्याने मान हलवली. कप विसळला, पालथा घातला, आणि टेंपोची किल्ली बोटात फिरवत जिना उतरला. आपण किती नीट समजावलं याचं समाधान मला संध्याकाळभर पुरलं.

पुढे तो वाळत गेला. खोकला धरला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की गोळ्या कधीपासून बंद आहेत, आणि त्या बंद आहेत हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. टेंपोवर त्याच्याबरोबर नवा जोडीदार आला होता, गावातलाच. दोघं गाडीतच जेवायचे, गाडीतच झोपायचे. त्याच्यासमोर गोळी कशी काढायची म्हणून भावाने सोडली. न उघडलेल्या बाटल्या सीटखाली फडक्यात बांधलेल्या सापडल्या.

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी पंचशील झालं, मग रीतीप्रमाणे एकेकजण उठून त्याच्याबद्दल बोलला. शिकलेली म्हणून मलाही उभं केलं. तो हुशार होता, एवढंच मी बोलले आणि बसले.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी पोशीरला गेले. दुपारी भावजय ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिलाही तोच आजार आहे, तीही तीच गोळी घेते. निदान मी तसं धरून चालले होते. तिचे गाल बसलेले दिसले म्हणून विचारलं.

"सोडल्यात," ती सुपाकडे बघत म्हणाली. "ते गेले त्या दिवसापासून."

"अगं, असं कसं सोडलंस? दवाखान्यात जाऊन परत सुरू करायच्या."

"आता सुरू करून काय व्हायचंय, ताई? तुमीच तर त्यांना सांगितलं व्हतं. मी त्यांच्या मागं लागले, परत घ्या म्हणून, तवा ते म्हणाले, ताईला विचारलंय मी. एकदा अडकलेली गाडी सुटत नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. औषधाची वेळ सांगावी तसं तिने सांगितलं. मी पायरीवर बसले.

तो पेशीबद्दल विचारत नव्हता. गोळ्या सुटल्यात, परत धरल्या तर उपयोग आहे का, हे त्याला विचारायचं होतं. सरळ विचारलं तर सोडल्या हे मला कळलं असतं, मी चिडले असते. म्हणून त्याने माझ्या भाषेत विचारलं. आणि उत्तर मी अचूक दिलं, एका पेशीचं. शरीर रोज नव्या पेशी घडवतं, गोळी त्या नव्यांना वाचवते, उशिरा सुरू केली तरी माणूस सावरू शकतो, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. ते प्रश्नाच्या बाहेर होतं म्हणून मी बोलले नाही.

हे सगळं मी भावजयीला सांगितलं. जमेल तसं. ती ऐकत होती, बोटं तांदळातच. मग म्हणाली, "अडकलेली गेली तर जाऊ द्या, मागून नव्या येतात, आसंच ना?"

"असंच."

"येवढंच व्हतं, तर त्यांना का नाय सांगितलं?"

ती सूप बाजूला ठेवून उठली, आत जाऊन चहा टाकला, दोन कप घेऊन आली. चहा संपल्यावर ती दोन्ही कप उचलायला लागली तेव्हा मी तिच्या हातातून तिचा कप घेतला आणि मोरीत नेऊन विसळला. ती बघत राहिली. हे कोणासाठी केलं ते तिला कळलं असावं.

सोमवारी मी रजा टाकली. दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तिला रागावले, रक्त तपासलं, गोळ्या परत सुरू झाल्या. आता संध्याकाळी मी फोन करते आणि एकच विचारते, "घेतलीस?"

"घेतली हो," ती म्हणते. कधी वैतागून म्हणते, "घेतली, मास्तरीणबाई. रोज काय हजेरी?" तिचे गाल जरा भरलेत. परवा विहिरीवरून कळशी एकटीनेच आणली म्हणाली.

ऐकून मी बरं म्हणते आणि फोन ठेवते. तिच्यासाठी मला खरंच बरं वाटतं. मग 'घेतलीस?' हा एकच शब्द त्या रविवारी माझ्या तोंडातून निघाला असता तर, हे डोक्यात येतं, आणि बाहेर इंजिन जोडल्याचा धक्का ऐकू येतो. थोड्या वेळाने गाडी सुटते.