‘पीस’ हा शब्द वकिलाला कुणी सांगितला?

मंडळी, या ग्रुपवर बऱ्याच जणी फौजीच्या घरातल्या आहात, म्हणून तुम्हालाच विचारते.

शाहूपुरीतल्या आमच्या घरावर चुलत दिरानं दावा लावलाय. आमचे हे आतापर्यंत सीमेवर होते, म्हणून कोर्ट तारीख पुढं ढकलत होतं. सैनिक तसल्या ठिकाणी असला की त्याच्या माघारी दावा चालवायचा नाही, असा कायदाच आहे.

आज दिराचा वकील उठला आणि म्हणाला, "साहेब, ते आता पीसला आलेत. युद्ध नाही, सीमा नाही. मग संरक्षण कसलं?"

जजसाहेबांनी कायद्याचं पुस्तक चाळलं. "शांततेच्या ठिकाणी असतील तर ही सवलत लागू होत नाही. पुढच्या तारखेला त्यांना हजर राहायला सांगा."

मी उठलेच. "साहेब, पीस म्हणजे घरी बसणं न्हवं. रजा मिळाय पायजे की!" आमच्या वकिलांनी मला खाली बसवलं.

पण माझं डोकं भलतीकडंच अडकलं. सीमेवरून शांत ठिकाणी बदली झाली की ‘पीसला आलेत’ म्हणायचं, ही आपली फौजी घरातली बोली. कोर्टातला माणूस असं बोलत नाही. आणि बदलीचं मी फक्त शेजारच्या आक्कांना सांगितलं होतं, तेही परवाच.

घरी आले तर आक्का दारातच उभ्या.

"दमलीस गं बाई. चहा टाकू? रजेचं सांगूनबी जजनं ऐकलं न्हाय व्हय?"

मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

सांगा, तो चहा तुम्ही घेतला असता?