गडग्यातलं कूळ

मुलांनो, अख्ख्या जगात कुंपणाच्या मर्जीने घर चालवणारा माणूस एकच आहे, आणि तो दिवेआगरला आपल्या शेजारच्या वाडीत राहतो. तुम्ही लहानपणी ज्यांना पालवाले आजोबा म्हणायचात, तेच.

त्यांच्या वाडीला जांभ्या दगडांचा गडगा आहे, म्हणजे चुना-सिमेंट काही न लावता दगडावर दगड रचलेलं कुंपण. त्याच्या फटींत करंगळीएवढी एक पाल राहते. घरातल्या पालीसारखी ती नव्हे. ही दिवसाढवळ्या हिंडते, डोळ्याची बाहुली गोल, नराचा गळा हळद लावल्यासारखा, आणि तोंडातून आवाज म्हणून नाही. पालींचा अभ्यास करणारी एक मुलगी मुंबईहून आली, दोन दिवस दगडांना डोकं लावून बसली आणि जाताना म्हणाली, "आजोबा, ही एवढ्याशा पट्ट्यातच सापडते. दगड गेले की ही गेली." तेव्हापासून त्या गडग्याला देवघराची कळा आली. त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, टेकायचं नाही, शिंक आलीच तर विहिरीपलीकडे जायचं. मोठ्या वादळात त्यांची कौलं उडाली, सुपाऱ्या आडव्या झाल्या, आणि वारा पडल्यावर आजोबा आधी धावले ते गडग्याकडे. आतून ओल्या गादीवर बसलेल्या आजी ओरडल्या, "अहो, बायको जिवंत आहे हो! कुणी विचारलं तर सांगा!"

आजींचं पालींशी हाडवैर. घरात पाल दिसली की केरसुणी बाहेर, त्यामुळे त्या घरात औषधालाही पाल उरलेली नाही. आजोबांची अडचण अशी, की बोलता बोलता पाल चुकचुकली तर बोललेलं खरं, हे ते कोर्टाच्या निकालासारखं मानतात. आपण सगळेच बोटाने टकटक करून 'सत्य' म्हणतो आणि विसरतो. ते विसरत नाहीत. एकदा आपल्या ओटीवर मी सहज म्हटलं, "तुम्ही चहात साखर फार घेता," नेमकी आपली पाल चुकचुकली, आणि त्यांनी साखर कायमची सोडली.

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावाने आपल्या वाटणीची जागा एका बंगलेवाल्याला द्यायचं ठरवलं. गडगा दोघांच्या मधला, आणि घेणाऱ्याला तिथे पक्की भिंत हवी होती. त्यांच्या ओटीवर बोलणं झालं. शेजारी म्हणून मीही होते.

"दादा, तुझी पाल काय सातबाऱ्यावर आहे?"

"कूळ आहे ती. आपल्या आजोबांच्या आधीपासूनचं. कुळाला असं उठवता येत नाही."

"कूळ? मग खंड कुठे भरते?"

"डास खाते ना! तोच खंड."

आम्ही सगळे हसलो, भाऊसुद्धा. पण हसून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, जेसीबी सांगून ठेवलाय. सोमवारी येतोय."

आजोबांचा आवाज एकदम खाली आला. "दगड हलले तर मरेल रे ती. तिला दुसरीकडे जाता येत नाही."

तेवढ्यात माजघराच्या दाराआडून आवाज आला, चुक् चुक् चुक्.

दाराच्या फटीतून आजींच्या लुगड्याचा काठ दिसत होता. या भावाला आईमागे आजींनीच वाढवलेलं. तो बराच वेळ त्या काठाकडे बघत राहिला. मग वाकून त्याने जमिनीवर टकटक केलं. "सत्य," तो म्हणाला, आणि आत तोंड करून, "वैनी, भिंत माझ्या जागेत दोन हात आत घेतो. आता चहा टाक."

गडगा राहिला. पण आता त्याच्या पलीकडे सिमेंटची भिंत आहे, तिच्यापलीकडे दुसरी, आणि टेकडीवरचे दगड रोज ट्रकमधून जातात. यंदा आजोबांना पिवळ्या गळ्याचा एकच नर दिसला, तोही दिवाळीपूर्वी. तरी सकाळी ते बिनसाखरेचा चहा घेऊन गडग्यापाशी बसतात. मी आपल्या बाजूच्या कुंपणावरून विचारते, "दिसली का?"

"आत आहेत. आहेत आत," ते म्हणतात.

आणि स्वयंपाकघरातून उत्तर येतं, चुक् चुक्.

गडग्यातली पाल मुकी असते, हे त्यांनीच तर आम्हाला शिकवलेलं. तरीही ते कप खाली ठेवतात, आतल्यांना धक्का लागू नये अशा बेताने दगडावर बोट टेकवतात आणि म्हणतात, "सत्य."